गादीला ऊन का दाखवायचे?

एप्रिल-मे महिन्यातील एखाद्या दुपारी कर्जतहून खोपोलीला जाणाऱ्या लोकलमध्ये खिडकीजवळ बसा. पळसदरी मागे पडते, मग केळवली, डोलवली आणि लौजी. रुळांच्या दोन्ही बाजूंना अंगणात, दगडी गडग्यांवर, नव्या इमारतींच्या गच्च्यांवर तुम्हाला गाद्या पसरलेल्या दिसतील. शेजारीच उशा, तक्के आणि गोधड्या असतील. "पाऊस यायच्या आत गाद्यांना ऊन दाखवून घ्या," असे प्रत्येक घरातील आजी सांगत असते आणि घरातील मुले कुरकुरत का होईना, गाद्या बाहेर काढीत असतात.

आता एक शंका. कपडे आपण धुतो, ते ओले होतात, म्हणून उन्हात घालतो. गादी तर कोणी धुतलेली नसते. ती हाताला कोरडीच लागते. मग तिच्यातून ऊन बाहेर काढते तरी काय?

या प्रश्नाचे उत्तर मला येत होते असे मी समजत होतो. मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. तरीही काही वर्षांपूर्वी माझ्या हातून एक चूक झाली. आधी ती सांगतो, म्हणजे पुढचा हिशेब नीट कळेल.

माझी चूक

आमच्या घरी पाहुण्यांसाठी चार जास्तीच्या गाद्या आहेत. त्या वर्षी परीक्षांच्या कामात एप्रिल-मे निघून गेले. जूनचा पहिला आठवडा उजाडला, वळवाच्या दोन सरीही येऊन गेल्या, आणि गाद्या अजून मागच्या खोलीत जमिनीवरच होत्या. मी बाजारातून जाड प्लास्टिकच्या मोठ्या पिशव्या आणल्या, प्रत्येक गादी गुंडाळून पिशवीत घातली, तोंड चिकटपट्टीने पक्के बंद केले आणि गाद्या पोटमाळ्यावर चढवल्या. "आत हवाच जाणार नाही, तर दमटपणा कोठून जाणार?" असे मी मोठ्या रुबाबात घरात सांगितले. आईने एवढेच विचारले, "अरे, ऊन न दाखवताच बांधल्यास का?" मी तिकडे लक्ष दिले नाही.

गणपतीला पाहुणे आले तेव्हा पिशव्या उघडल्या. कुबट वासाचा भपकारा आला. खोळींवर मोहरीएवढे काळे ठिपके पडले होते. रात्र झालेली, बाहेर पाऊस. आम्ही गाद्या झटकल्या, वर स्वच्छ चादरी घातल्या आणि मुलांना झोपवले. रात्री दोनच्या सुमारास आमची धाकटी उठून बसली. तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता आणि तिला श्वास पुरत नव्हता. भर पावसात तिला डॉक्टरांकडे न्यावे लागले. औषधाने पहाटे उतार पडला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "ही झोपली होती कशावर?"

पिशवीत बाहेरून काहीच गेले नव्हते. मग बुरशीला लागणारे पाणी आले कोठून? ते आधीपासूनच गादीत होते आणि मीच ते आत कोंडले होते. किती होते, ते मोजू या.

गादीत कापूस किती?

एक साधी गादी घ्या. लांबी १८० सेंटिमीटर, रुंदी ९० सेंटिमीटर आणि जाडी १० सेंटिमीटर. तिचे आकारमान झाले १,६२,००० घनसेंटिमीटर, म्हणजे १६२ लिटर. तिच्यात ८ किलो कापूस भरला आहे असे धरू. कापसाच्या तंतूची घनता १ घनसेंटिमीटरला सुमारे १.५४ ग्रॅम असते. म्हणून ८,००० भागिले १.५४ केल्यावर खऱ्या कापसाने व्यापलेली जागा मिळते ती सुमारे ५,२०० घनसेंटिमीटर, म्हणजे ५.२ लिटर!

१६२ लिटरच्या गादीत कापूस केवळ सव्वापाच लिटर. बाकीची सुमारे १५७ लिटर म्हणजे हवा. शेकड्यात सांगायचे तर ९७ भाग हवा आणि ३ भाग कापूस. आपण कापसावर झोपतो असे म्हणतो. खरे तर कापसाने अडवून धरलेल्या हवेवर झोपतो.

ही अडवलेली हवा फार उपयोगी आहे. हवा उष्णतेची अत्यंत दुर्वाहक आहे. तांब्याच्या तुलनेत तिची वाहकता सुमारे पंधरा हजार पटींनी कमी. मोकळी हवा मात्र हलते आणि हलताना उष्णता घेऊन जाते. कापसाच्या तंतूंच्या जाळ्यात ती हलू शकत नाही. म्हणून थंडीत गादी ऊबदार लागते. हा गुण लक्षात ठेवा. पुढे तोच आपल्या आड येणार आहे.

कापसातले पाणी

आता पाण्याकडे वळू. कापूस हा सेल्युलोजचा बनलेला असतो आणि सेल्युलोजला पाण्याची ओढ असते. हवेतील बाष्पाचे रेणू तंतूच्या आत शिरून तेथे चिकटून बसतात. हे पाणी हाताला ओले लागत नाही. हवा जितकी दमट तितके ते जास्त.

हवेचा दमटपणा आपण सापेक्ष आर्द्रतेने मोजतो. त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढे बाष्प राहू शकते, त्याच्या शेकडा किती भाग प्रत्यक्षात आहे, तो आकडा म्हणजे सापेक्ष आर्द्रता. पूर्ण कोरड्या १०० ग्रॅम कापसात किती पाणी मुरते ते असे:

सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असता सुमारे ४ ग्रॅम
६५ टक्के असता सुमारे ८.५ ग्रॅम
९० ते ९५ टक्के असता सुमारे १५ ग्रॅम किंवा त्याहूनही जास्त

आपल्या ८ किलोच्या गादीला हे लावून पाहा. एप्रिलच्या कोरड्या दुपारी तिच्यात सुमारे ३२० ग्रॅम पाणी असेल, तर जुलैत सुमारे १,२०० ग्रॅम. म्हणजे कोणी एक थेंबही न सांडता गादी पाऊण-एक किलो पाणी पिऊन बसते! आणि कर्जत-खालापूरकडे जुलै कसा असतो हे तुम्हाला सांगायला नकोच. समुद्रावरून आलेले ढग माथेरानच्या डोंगरावर आणि बोरघाटाच्या कड्यांवर चढतात, थंड होतात आणि रिकामे होतात. वर्षाकाठी येथे तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. याच पावसाचे घाटमाथ्यावर साठवलेले पाणी खाली सोडून खोपोलीच्या टाटा जलविद्युतकेंद्रात १९१५ पासून वीज निर्माण होत आली आहे. त्याच पावसाचा थोडा वाटा आपल्या गाद्याही उचलतात.

आपण स्वतःही त्यात भर घालतो. घाम आलेला नसतानाही त्वचेतून रात्रभरात शंभर-दीडशे ग्रॅम पाणी बाष्परूपाने निघून जाते. त्यातील काही हवेत जाते आणि काही अंगाखालच्या गादीत उतरते. गादीची वरची बाजू अंगाच्या उबेने गरम, आणि खालची फरशीला टेकलेली म्हणून गार. बाष्प गरम बाजूकडून गार बाजूकडे सरकते आणि तेथे त्याचे पाणी होऊ शकते. जमिनीवर घातलेल्या गादीला बुरशी नेहमी खालून का लागते, ते आता कळले ना?

पिशवीत काय झाले?

आता माझ्या बंद पिशवीचा हिशेब करू. २८ अंश सेल्सियसला १ घनमीटर हवेत जास्तीत जास्त २७ ग्रॅम बाष्प राहते. गादीतील १५७ लिटर हवेत म्हणजे फार तर सव्वाचार ग्रॅम. उलट जूनमध्ये बांधलेल्या गादीच्या कापसात किलोभर पाणी होते. हवेत चार ग्रॅम आणि कापसात हजार ग्रॅम! अशा पिशवीत हवा कापसाला कोरडे करू शकत नाही. कापूसच हवेला आपल्याइतके दमट करून सोडतो. आतली सापेक्ष आर्द्रता ७५-८० टक्क्यांवर गेली की बुरशीला राहायला जागा मिळालीच म्हणून समजा.

त्यात पोटमाळ्यावर कौलांखाली दिवसा गरम, रात्री गार. दिवसा कापसातून निघालेले बाष्प रात्री प्लास्टिकच्या आतल्या बाजूवर दवासारखे जमे आणि खोळीवर उतरे. काळे ठिपके नेमके तेथेच पडले होते.

यात प्लास्टिकचा दोष नव्हता. तीच पिशवी मी एप्रिलमध्ये, गादी खडखडीत वाळवून बांधली असती, तर तिने कोरडेपणाही तितक्याच इमानाने सांभाळला असता. बंद पिशवी आहे ती स्थिती राखते, एवढेच.

ऊन काय करते?

हवा तापली की तिची बाष्प सामावण्याची शक्ती झपाट्याने वाढते. १ घनमीटर हवेत मावणारे बाष्प पाहा:

२० अंशांना १७ ग्रॅम
३० अंशांना ३० ग्रॅम
४० अंशांना ५१ ग्रॅम
५० अंशांना ८३ ग्रॅम

समजा, श्रावणात पावसाने उघडीप दिली. हवा २८ अंशांची आहे आणि तिच्यात घनमीटरला २२ ग्रॅम बाष्प आहे. सापेक्ष आर्द्रता झाली ८० टक्क्यांच्या वर. अशा हवेत गादी सावलीत ठेवून फारसे काही होणार नाही. पण तीच गादी उन्हात तापून ४५ अंशांवर गेली, तर तिच्यातील हवेत ६५ ग्रॅम बाष्प मावू शकते. आहेत २२ ग्रॅमच. म्हणजे गादीपुरती सापेक्ष आर्द्रता ३४ टक्क्यांवर आली! बाहेरची हवा दमट असूनही गादी वाळू लागते. श्रावणातील दोन तासांचे ऊनही वाया घालवू नये ते यासाठी.

पाण्याची वाफ करायला उष्णता लागते. या तापमानाला १ ग्रॅमसाठी सुमारे २,४०० जूल. अर्धा किलो पाणी घालवायचे तर १२ लाख जूल लागतील. दुपारचे ऊन प्रत्येक चौरस मीटरवर सेकंदाला सुमारे ८०० जूल देते. आपल्या गादीचे क्षेत्रफळ १.६ चौरस मीटर. निम्मे ऊन खोळीने परतवले असे धरले, तरी सेकंदाला ६४० जूल मिळतात. भागाकार करा: सुमारे १,९०० सेकंद, म्हणजे जेमतेम अर्धा तास!

पण प्रत्यक्षात अर्ध्या तासात गादी वाळत नाही. का बरे? मघाचा गुण येथे आड येतो. अडवलेली हवा उष्णतेला आत जाऊ देत नाही. वरचा थर चटका बसेल इतका तापतो, मधला कापूस गारच राहतो, आणि पुष्कळशी उष्णता वाऱ्यावर निघून जाते. जो गुण आपल्याला थंडीत ऊब देतो, तोच उन्हाला गादीच्या पोटात शिरू देत नाही. म्हणून गादी एका बाजूने दिवसभर तापवण्यापेक्षा ती वरचेवर उलटणे महत्त्वाचे.

वाळवण्याची रीत

एवढे समजल्यावर आजीच्या सूचनांमागील कारणे आपोआप सुचतात.

गादी सकाळी दव पूर्ण उडाल्यावर बाहेर काढा. साधारण दहाची वेळ बरी. ती थेट जमिनीवर न पसरता बाजेवर, दोन बाकांवर किंवा गडग्यावर घाला, म्हणजे खालूनही वारा लागेल. दर तासा-दीड तासाने उलटा. कडाही उन्हाकडे करा.

दुपारी तीन-साडेतीनला गादी आत घ्या. संध्याकाळपर्यंत थांबू नका. ऑक्टोबरातील एक दिवस पाहा: हवेत घनमीटरला १६ ग्रॅम बाष्प आहे. दुपारी ३५ अंशांना ही सापेक्ष आर्द्रता ४० टक्के होते. रात्री पारा २२ अंशांवर उतरला की तेच १६ ग्रॅम ८० टक्क्यांच्या पुढे जातात. हवेत बाष्पाची भर न पडताही ती दमट झाली! बाहेर विसरलेली गादी दिवसभरात कमावलेले रात्रीत गमावते.

आत आणल्यावर लगेच घडी घालू नका. अर्धा तास सावलीत पसरून ठेवा. गरम गादीतून अजून बाष्प निघत असते. घडी घातली की ते मध्येच अडकते. गादी निवाली की त्याच दुपारी बांधून ठेवा.

वर्षातून दोन वेळा हे काम नेटाने करावे: एकदा मार्च-एप्रिलच्या कोरड्या दिवसांत आणि एकदा पाऊस गेल्यावर ऑक्टोबरात. मे अखेरीस ऊन कडक असले तरी हवेत बाष्प वाढलेले असते, म्हणून तोवर थांबू नये.

पावसाळ्यातील चार महिने ऊन नसले तरी वारा आपल्या हातात आहे. गादी जमिनीऐवजी पट्ट्यांच्या पलंगावर घाला. पलंग नसेल तर खाली बांबूची चटई घाला. सकाळी उठल्याबरोबर वळकटी करू नका किंवा पलंगपोस ओढू नका. तासभर चादर बाजूला सारून गादी उघडी ठेवा, म्हणजे रात्रीचे बाष्प निघून जाईल. आठवड्यातून एकदा गादी भिंतीला उभी करून तिच्यावर पंखा सोडा. मात्र कोळशाची शेगडी किंवा विजेचा पेटता दिवा गादीजवळ ठेवून ती वाळवण्याचा उद्योग कधीही करू नका. कापूस आतल्या आत धुमसतो आणि ज्वाला दिसेपर्यंत वेळ निघून गेलेली असते.

गादीतील बिऱ्हाडकरू

आता डॉक्टरांच्या प्रश्नाकडे येऊ. बुरशीचे सूक्ष्म बीजाणू श्वासातून आत गेले की काही जणांना त्रास होतो. पण गादीत आणखी एक बिऱ्हाडकरू असतो. तो कोळ्याच्या कुळातील आठ पायांचा सूक्ष्म जीव असून इंग्रजीतील माइट हेच नाव त्याला पडले आहे. लांबी सुमारे ०.३ मिलिमीटर. आपल्या त्वचेचे जे सूक्ष्म पापुद्रे रोज गळतात, त्यांवर तो जगतो. तो चावत नाही. पण त्याची विष्ठा आणि मृत शरीराचे कण धुळीत मिसळतात, आणि त्यांमुळे अनेकांना शिंका आणि दमा होतो. १९६० च्या दशकात नेदरलँड्समधील संशोधकांनी घरातील धूळ आणि हा जीव यांचे नाते उलगडून दाखवले. दमट घरांत हे जीव जास्त असतात हेही त्यांना आढळले.

दमट घरांतच का? कारण हा जीव पाणी पीत नाही. तो ते हवेतील बाष्पातून शोषून घेतो. सापेक्ष आर्द्रता बराच काळ ५० टक्क्यांच्या खाली राहिली, तर तो सुकून मरतो. म्हणजे कोरडी गादी हाच त्यावरचा उपाय. परंतु मेलेल्यांचे कण गादीतच राहतात. म्हणून वाळवल्यानंतर गादी झोडपावी.

झोडपताना न्यूटनचा पहिला नियम कामाला येतो. काठी बसताच खोळ झटकन मागे जाते, धुळीचा कण जडत्वामुळे आहे तेथेच राहतो आणि मोकळा होतो. हे काम घराबाहेर, वाऱ्याकडे पाठ करून, नाकाला रुमाल बांधून करावे. आणि ज्याला दमा आहे त्याला त्या वेळी दूर ठेवावे. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर उत्तमच. चादरी आणि अभ्रे आठवड्याला धुवावेत. सोसत असेल तर पाणी ६० अंशांच्या आसपास गरम घ्यावे. त्यात हे जीव मरतात आणि कणही धुऊन जातात. गरम पाणी मोठ्यांनीच हाताळावे.

ढेकणांची गोष्ट निराळी. ते सुमारे ५० अंशांच्या तापमानात काही काळ राहिले तर मरतात, पण उन्हात फक्त वरचा थर तेवढा तापतो हे आपण पाहिलेच. ढेकूण पळून आतल्या गार भागात किंवा शिवणीत दडतात. म्हणून त्यांच्यासाठी केवळ उन्हावर विसंबू नये. शिवणी, टाके, पलंगाच्या सांध्यांतील फटी तपासाव्यात आणि सांध्यांवर मोठ्यांनी उकळते पाणी घालावे.

डाग पडला तर

लहान भावंडाने गादी ओली केली की घरात धावपळ उडते आणि कोणीतरी बादलीभर पाणी ओतते. ते करू नका. केशाकर्षणाने पाणी तंतूंच्या फटींतून खोल जाते आणि तेथून बाहेर निघायला दिवसच्या दिवस लागतात. आधी कोरडे फडके दाबून जितके टिपता येईल तितके टिपा. घासू नका, दाबा. मग साबणाच्या गार पाण्यात फडके भिजवून, घट्ट पिळून तेवढाच भाग पुसा आणि पुन्हा टिपा. रक्ताच्या डागाला तर गरम पाणी मुळीच लावू नये; उकडलेल्या अंड्याप्रमाणे त्यातील प्रथिने गोठतात आणि डाग पक्का बसतो.

पुसलेल्या जागी कधी कधी पिवळट कडे उमटते. चहाचा थेंब फरशीवर वाळला की त्याची कड गडद होते, तसेच हे. थेंबाच्या कडेला बाष्पीभवन जास्त वेगाने होते, ती तूट भरून काढायला मधले पाणी कडेकडे वाहते आणि मळ तेथे नेऊन सोडते. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी १९९७ साली ही उकल मांडली. यावर उपाय म्हणजे ओल्या फडक्याने कड बाहेरच्या बाजूला हळूहळू फिकी करीत न्यावी आणि लगेच टिपावे.

पुराची गोष्ट वेगळी. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि आपल्या उल्हास नदीलाही महापूर आला. पुरात बुडालेल्या गादीतील हवेची जागा पाणी घेते. १५७ लिटरपैकी १०० लिटर जागा जरी भरली, तरी गादी शंभर किलोने जड झाली! शिवाय त्या पाण्यात सांडपाणी मिसळलेले असते. अशा गादीचा कापूस वापरू नये. टाकताना जीव हळहळतो, पण आजारपण त्याहून महाग पडते.

पिंजारी आणि सावर

वर्षानुवर्षे वापरून गादी १० सेंटिमीटरची ५ होते. कापूस तेवढाच असतो, गेलेली असते ती हवा: १५७ लिटरची ७६ लिटर. कापसाचा तंतू पिळलेल्या फितीसारखा असतो. दाबाने आणि दमटपणाने हे तंतू एकमेकांत गुंतून गठ्ठे होतात. पिंजारी ते सोडवतो. पूर्वी त्याच्या धनुकलीची ताणलेली तात लाकडी ठोकळ्याच्या ठोक्याने थरथरे आणि गठ्ठ्यातील तंतू सुटे करून उडवून देई. आता हे काम बहुधा यंत्रावर होते. दोन्हींत साधते ते एकच: कापसात पुन्हा हवा भरणे. मागून घातलेले टाके कापूस सरकू देत नाहीत.

आपल्या डोंगरांत काटेसावर पुष्कळ आहे. उन्हाळ्यात तिची बोंडे फुटली की पांढरी म्हातारी उडत येते. हा कापूस उशांत भरतात. त्याचा तंतू आतून पोकळ आणि वरून मेणचट असतो. म्हणून तो फार हलका असतो आणि पाण्यात चटकन भिजत नाही. पण तो ठिसूळ असतो. सावरीची उशी उन्हात घाला. मात्र ती काठीने झोडपू नका आणि पिंजायला देऊ नका.

फोमच्या गाद्यांना मात्र उलटा नियम. उन्हातील अतिनील किरणांनी फोम पिवळा पडतो आणि त्याचा भुगा होऊ लागतो. ती गादी सावलीत, वाऱ्यावर उभी करावी.

तुम्ही करून पाहा

प्रयोग १ : कापसाची उशी स्वयंपाकघरातील इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोला. दिवसभर ऊन दाखवून पुन्हा तोला. मग रोज रात्री एकाच वेळी वजन घेऊन आठ दिवसांचा आलेख काढा. गमावलेले पाणी उशी किती दिवसांत परत घेते?

प्रयोग २ : पावसाळ्यात जमिनीवरील गादीखाली रात्री प्लास्टिकचा स्वच्छ कागद पसरा. सकाळी त्यावर थेंब दिसतात का? अंगाखाली जास्त की पायथ्याशी? गादीखाली चटई घालून पुन्हा पाहा.

आमच्या घरी त्या गणपतीनंतर नियम ठरला आहे. होळी झाली की पहिल्या रविवारी गाद्या गच्चीवर जातात. उलटण्याची वेळ पाहण्याचे काम धाकटीकडे असते. झोडपणे सुरू झाले की ती खाली आजीजवळ जाऊन बसते. दुपारी गाद्या निवल्या की मी त्याच जुन्या प्लास्टिकच्या पिशव्या आणतो. चिकटपट्टी लावण्यापूर्वी आई गादीच्या पोटात हात घालून पाहते आणि मगच मान हलवते. तिला सापेक्ष आर्द्रतेची व्याख्या ठाऊक नाही. पण पिशवी केव्हा बंद करायची, हे तिला माझ्याआधी ठाऊक होते.